रफार शेवटी येतो

ऑपरेटरला कचरा वाचता येत होता. कचरा म्हणजे छपाईच्या जुन्या फाँटातला मराठी मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की पडद्यावर जे दिसतं ते. डॉलर, कंस, स्वल्पविराम, इंग्रजीतली लहानमोठी अक्षरं. कशाचा कशाला मेळ नाही. अशी फाइल आली की कार्यालयातले बाकीचे लोक ती परत मागवत. ऑपरेटर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकायचा आणि घरून आलेलं पत्र वाचावं तसा वाचत सुटायचा. "तुळजापूर, वार्ताहराकडून. बसस्थानकात मोकाट जनावरांचा..." मी एकदा ती फाइल नंतर फाँट लावून पडताळली. एका वेलांटीचा फरक निघाला. ती चूक मूळ वार्ताहराची होती, ऑपरेटरने वाचतानाच ती सुधारली होती.

तो मला आवडत नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गेलेल्या दिवसांवर लिहिताना माणसं उगाच गोड होतात. धाराशिवला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी वार्ताहर आणि तो पानं लावणारा, अशी आम्ही नऊ वर्षं एका खोलीत काढली. तो मूळचा उमरग्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. नाव फक्त हजेरीपटात होतं. एरवी सगळे त्याला ऑपरेटर म्हणत आणि तोही फोन उचलल्यावर "ऑपरेटर बोलतोय" असंच सांगे. दुसऱ्याची चूक सापडली की होणारा आनंद लपवण्याचे कष्ट तो घेत नसे. स्वतःची सापडली तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवत असे. पहिल्या सवयीमुळे त्याला मित्र नव्हते. दुसऱ्या सवयीमुळे त्याला गप्प करता येत नव्हतं.

आमचं पहिलं भांडण रफारावरून झालं. माझ्या आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर रफार आहे. मी नोकरीत नवा होतो, वेबसाइटवर आपलं नाव येणार याचं अप्रूप होतं. पहिली मोठी बातमी तिथे गेली तेव्हा आडनावातला रफार अक्षरावरून उडून पार शेवटी जाऊन पडला होता. पाय मोडलेला एक 'र' लटकत होता. मी तडक त्याच्या टेबलापाशी गेलो.

"माझ्या नावाचं काय केलंत हे?"

"म्या काय करणार साहेब? फाँट बदलला की रफार घसरतोच."

"घसरतो म्हणजे?"

"म्हणताना रफार आधी येतो. टाइप करताना शेवटी. आधी अक्षर, मग वेलांटी, मग डोक्यावर रफार. यंत्राला वाटतं, शेवटी आला म्हंजी शेवटीच वाचायचा. यंत्र अडाणी हाय." मग माझ्याकडे पाहून, "माणसं बी काय लई येगळी न्हायत."

"ते दुरुस्त करा."

"करतो की. पण आडनावाला शेपूट बरं दिसतंय तुमच्या."

ते दुरुस्त झालं. पण पुढचा महिनाभर कार्यालयात मला 'शेपूट कसं आहे' हा प्रश्न विचारला जात होता.

तो एक ब्लॉग चालवत असे. त्याचं नाव 'रफार'च होतं. वरती एक ओळ असे: म्हणताना आधी, लिहिताना शेवटी. त्याखाली विषय दिलेले: प्रयोगशील कला, कविता, राजकारण. या तिन्हींतली एकच गोष्ट धाराशिवात चालते, असा विनोद आमच्याकडे होता, आणि तो मीच केलेला होता. बातम्या चारनंतर येऊ लागत. एक ते चार मशीन मोकळं असे, तेव्हा तो लिहायचा. डबा खाऊन, हात धुऊन, रुमालाने बोटं एकेक पुसून. वाचक दहाबारा असतील. ते कोण, हे त्याला माहीत होतं: गावोगावच्या टायपिंगच्या दुकानांत बसणारे त्याच्यासारखेच लोक. एवढ्यांसाठी कशाला लिहिता, असं मी एकदा विचारलं. "तुमचा पेपर हजारो लोक घेत्यात," तो म्हणाला, "आन त्यात पोळ्या बांधत्यात. माझ्या ब्लॉगात पोळी बांधता येत न्हाय."

ब्लॉगवरचं तो काहीही काढत नसे. हा त्याचा एकमेव नियम होता. चूक झाली तर मूळ मजकूर तसाच ठेवून खाली 'दुरुस्ती' असा शब्द लिहायचा आणि काय चुकलं ते सांगायचं. काही नोंदींखाली मूळ मजकुरापेक्षा दुरुस्त्या लांब होत्या. पत्रकारितेत आम्ही चूक झाली की आतल्या पानावर, जाहिरातीखाली, चार ओळींत खुलासा देतो. त्याची पद्धत आमच्यावर टीका होती, आणि ती तशीच वाटावी याची तो काळजी घेत असे.

त्याच्या कविता म्हणजे जाहीर नोटिसा होत्या. वकिलांनी छापायला दिलेल्या नोटिसा तो रोज लावत असे. त्यातले शब्द उचलून, ओळी तोडून ब्लॉगवर ठेवायचा. त्यातली एक मला आठवते:

तमाम लोकांस
कळविण्यात येते की
पूर्वेस भाऊ
पश्चिमेस भाऊ
दक्षिणेस रस्ता
उत्तरेस
हरकत

ही त्याने एका महाविद्यालयातल्या कविसंमेलनात वाचली. मी बातमीसाठी हजर होतो. वाचन संपलं. मग मागून एक म्हातारे शेतकरी उठले. मुलीला घ्यायला आले असावेत.

"ओ पाव्हणं, ह्या जमिनीचा गट नंबर किती?"

लोक हसले. ऑपरेटर हसला नाही. "गट नंबर न्हाय दिलेला, आजोबा."

"मग नोटीस कशी चालंल? आन दोन्हीकडनं भाऊच हायेत, दक्षिणेला रस्ता बी हाय. मग भांडण कशाचं?"

"तेच हुडकायलोय," ऑपरेटर म्हणाला. परतताना रिक्षात तो इतका खूश होता की मला राग आला. "पयला खरा वाचक भेटला," असं दोनदा म्हणाला. माझ्या बातमीत त्या वाचनाचा उल्लेख नव्हता. जागा नव्हती, असं मी त्याला सांगितलं. पान त्यानेच लावलं होतं. जागा किती होती हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

कलेच्या नावाखाली तो फ्लेक्सच्या मागच्या बाजूचे फोटो टाकत असे. सुटीच्या दिवशी एसटीने कुठल्याही गावाला जायचं आणि चौकातल्या फलकांची पाठ टिपायची: पांढरा कपडा, बांबू, तारेच्या गाठी. नंतर वापरून फेकलेले फ्लेक्स शोधू लागला. कडब्याच्या गंजीवर, सोयाबीनच्या ढिगावर, शेळ्यांच्या छपरावर पसरलेले. नेत्यांचे चेहरे उलटे, वरून दगड ठेवलेले. फोटो वाईट होते. क्षितिज नेहमी तिरकं असे. खाली एकच ओळ: 'कार्यक्रमानंतर.' नोंदींवर नोंदी, सगळ्यांखाली तीच ओळ. मला तो आळस वाटला.

राजकारणावर तो लांब लिहायचा. पण सगळ्या लेखांचा मुद्दा नोटिशीतल्या एका वाक्यावर येऊन थांबे: मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल. त्याचं म्हणणं असं, की राज्य घटनेवर चालतं हे शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात ते या वाक्यावर चालतं. हा शब्द मग त्याच्या तोंडी बसला. पंखा बंद करू का, तर "हरकत?" चहा परत पाठवला, तर "हरकत आली." एवढा शब्द वापरून वापरून त्याने त्याची धार घालवली, असं मी समजत होतो.

आणि मग 'कायर्कर्ता'. एका पक्षाच्या मेळाव्याची पाऊण पानाची जाहिरात मोबाइलवरून आली. जुन्या फाँटातून नव्यात उतरवताना रफार घसरले होते. पाठवणाऱ्याने 'कार्यकर्ता' या शब्दातला दुसरा रफार हाताने जागेवर बसवला, पहिला 'य'वरून पुढच्या 'क'वर गेला तो तसाच राहिला. जिल्हाभर छापून गेलं: कायर्कर्त्यांचा भव्य मेळावा. प्रुफावर माझी सही होती. सकाळी शाखेचे मॅनेजर मला उभं करून बोलले. ऑपरेटरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मूळ प्रतीत तसंच हाय. जाहिरातदाराच्या मजकुराला हात लावायचा न्हाय, असं तुमीच लिहून दिलंय." कागद काढून दाखवला. दुपारी ब्लॉगवर नवी नोंद होती: 'कायर्कर्ता, एका नव्या शब्दाचे स्वागत.' त्याने ती चूक आधीच पाहिली होती याबद्दल मला आजही शंका नाही. तुळजापूरच्या मजकुरातली वेलांटी जो न बोलता सुधारतो, त्याला पाऊण पानाचा मथळा दिसत नाही, हे शक्य नाही.

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतं बोलू लागलो.

आमच्या वाशी तालुक्यातल्या एका गावात नळयोजनेचं उद्घाटन होतं. नेते आले, नळाची तोटी फिरवली, ओंजळीने पाणी प्यायले, फोटो झाले, गाड्या गेल्या. माझ्या मोटारसायकलचं चाक बसलं होतं म्हणून मी मागे राहिलो. तासाभराने बाटली भरायला त्याच नळाशी गेलो तर नळ कोरडा. शाळेच्या भिंतीमागे चिखलात टँकरच्या चाकांचे ठसे होते आणि नळाच्या बुडाशी, मातीखालून निघालेला, कापून टाकलेला रबरी पाइप. नळ योजनेला जोडलेलाच नव्हता. एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी होती. मी तिला विचारलं. तिने एक वाक्य सांगितलं. ते मी वहीत उतरवलं आणि बातमीचा शेवट त्या वाक्याने केला. नऊ वर्षांत मी लिहिलेली ती सर्वांत चांगली बातमी होती.

ती पहिल्या पानावर लागलीही होती. मग मॅनेजर पान बघायला आले.

"हे काय? चौथ्या दिवशी त्यांच्या वाढदिवसाची पुरवणी आहे आपली. काढा ही."

ऑपरेटरने माऊसवरचा हात उचलला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. "साहेब, हरकत?"

मी दुसऱ्या पानाचं प्रूफ बघत होतो. म्हणजे बघत असल्यासारखा बसलो होतो. त्याने वाट पाहिली. किती वेळ, ते मोजलेलं नाही.

"हरकत आली न्हाय," तो म्हणाला आणि बातमी काढली.

दहाएक दिवसांनी ब्लॉगवर 'मूळ प्रत' नावाची कविता आली. ती कचऱ्यात होती. सगळी. वरपासून खालपर्यंत डॉलर आणि कंस. मला माझ्या शनिवारच्या सदराला विषय हवा होता आणि हिशेबही चुकता करायचा होता. मी प्रयोगशीलतेवर लिहिलं. कीबोर्डवर शेंगा फोडल्या असत्या तरी यापेक्षा बरं काही उमटलं असतं, असं लिहिलं. कवीचं नाव दिलं नाही, पण कोणाला कळणार नाही अशीही सोय ठेवली नाही. नमुना म्हणून कवितेची शेवटची ओळ उतरवून घेतली. ती सर्वांत छोटी होती, रकान्यात मावत होती, आणि तिच्या टोकाला उद्गारचिन्ह होतं. त्यावर मी शेवट केला: कवीला नेमकं आश्चर्य कशाचं वाटलं?

सदर अर्थात त्यानेच लावलं. लावताना त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एकदाच विचारलं.

"ही ओळ कुठल्या फाँटात घेऊ? मराठी का इंग्रजी?"

"आहे तशी. इंग्रजीत."

"एकदा मराठी लावून बघू का? हरकत नसंल तर."

"ऑपरेटर, वेळ नाही. आहे तशी जाऊ द्या."

"बरं. मग सही करा हितं. परत म्हणाल, मला इचारलं न्हाय."

मी सही केली.

शनिवारी दुपारपर्यंत त्या सदराने जे केलं ते ब्लॉगच्या दहाबारा वाचकांना कधी जमलं नसतं. जिल्हाभरच्या टायपिंगवाल्यांनी ब्लॉग उघडला. कचरा उचलून जुना फाँट लावला. कविता नव्हती ती. माझी बातमी होती, एकही शब्द न बदललेली. वाशीच्या एका दुकानातून तिची पत्रकं निघाली आणि सोमवारी त्या गावातल्या बायकांनी ती पाण्याच्या टाकीवर चिकटवली. पत्रकाचा शेवट म्हातारीच्या वाक्याने होत होता.

मॅनेजरनी आम्हा दोघांना समोर बसवलं. पत्रक टेबलावर होतं. फाइल बाहेर कोणाकडून गेली, असा प्रश्न होता. फाइल दोघांकडेच होती.

"माझ्याकडून नाही," मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्यानेही माणूस दुसऱ्याला कसा ढकलतो, हे बातमीदाराला शिकवावं लागत नाही.

"म्या टाकली," ऑपरेटर म्हणाला. "पण बातमी म्हणून न्हाय. तुमी काढली तवाच ती बातमी ऱ्हायली न्हाय. वाचता येत न्हाय ती कविता. हे साहेबांनी छापलंय की."

"विनोद पुरे. आत्ताच्या आत्ता ते ब्लॉगवरून काढ. काढलंस तर विषय संपला."

"काढत न्हाय."

"नोकरी जाईल."

"दुरुस्ती टाकतो पायजे तर. काढत न्हाय."

मॅनेजर त्याला नको म्हणत होते असं नाही. त्याच्याइतकं जलद पान लावणारा जिल्ह्यात नव्हता. त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत वेळ दिला. त्याचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, येत होता तो एक जुना फाँट आणि पानं लावणं, आणि दोन्हींचे दिवस भरत आले होते. हे त्यालाही कळत होतं. एक ते चार या वेळात त्याने त्या दिवशी काही लिहिलं नाही. नुसता कविता उघडून बसला होता. मी दोनदा उठलो आणि दोनदा पाणी पिऊन परत आलो.

संध्याकाळी मुख्य कार्यालयाने कार्यमुक्तीच्या पत्राचा नमुना मोबाइलवर पाठवला. मॅनेजरनी तो माझ्याकडे दिला, मी तपशील भरून पुढे दिला. कार्यालयात पत्र लावणारा एकच माणूस होता. त्याने स्वतःचं पत्र स्वतः लावलं. समास सरकवले, तारीख उजवीकडे घेतली. मग मला हाक मारली.

"साहेब, हितं बघा जरा. रफार घसरलाय."

पडद्यावर लिहिलं होतं: आपणास आजपासून कायर्मुक्त करण्यात येत आहे.

"दुरुस्त करू, का ऱ्हाऊ देऊ?" तो म्हणाला. "मला तर बरोबर वाटायलंय. आजपासनं कायरापासनं, म्हंजी भित्र्यापासनं मुक्त."

त्याने चार मोजण्याइतकी वाट पाहिली.

"हरकत आली न्हाय," तो म्हणाला, आणि रफार जागेवर बसवला. पत्र छापलं, मॅनेजरची सही आणली, एक प्रत फाइलला लावली. जाताना खुर्चीवरची उशी आणि शब्दकोश पिशवीत घातला. दाराशी वळून त्याने काहीतरी म्हणावं, असं प्रसंगाला शोभलं असतं. त्याने दिवा बंद केला, कारण त्याच्या टेबलावरचा दिवा बंद करणं त्याचंच काम होतं.

रात्री ब्लॉगवर 'मूळ प्रत'खाली माझं सदर जसंच्या तसं चिकटवलेलं दिसलं. टिप्पणी नाही. गावातला नळ पुढे जोडला गेला. तो पत्रकामुळे जोडला गेला की निवडणूक आली म्हणून, हे मला तपासता आलेलं नाही.

पुढची काही वर्षं एक गोष्ट घडत राहिली. भूम असो, कळंब असो, मी कुठल्याही टायपिंगच्या दुकानात गेलो की आतला माणूस उठून म्हणे, "या कविराज!" आणि बाकीचे हसत. सदरात कवितेची टिंगल केली म्हणून हे टोमणे, असं मी धरून चाललो. त्यांची आपसांत एकी असते.

ते कार्यालय आता बंद झालं. संगणक भंगारात गेले. अलीकडे मी माझ्या निवडक बातम्यांचं पुस्तक करायला घेतलं. कात्रणं सगळी होती. न छापलेल्या बातमीचं कात्रण नसतं. वही सापडली नाही, पत्रक मी ठेवलं नव्हतं. म्हातारीच्या वाक्याचा अर्थ आठवत होता, शब्द आठवत नव्हते, आणि अर्थाला अवतरणचिन्हं लावता येत नाहीत. बातमी फक्त ब्लॉगवर होती, कचऱ्यात. नेटवरच्या फाँट बदलणाऱ्या यंत्रांनी ती उलगडून पाहिली तर प्रत्येक वेळी वेगळंच काही निघालं. तो फाँट आता कोणाकडे नव्हता. एका माणसाकडे असणार होता.

तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा. एसटीतून उतरून हायवे ओलांडला. कोर्टासमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. बाहेर दोन माणसं कागद घेऊन उभी होती, आत एक बाई प्रतिज्ञापत्रासाठी बसल्या होत्या. ऑपरेटरला तिथे सगळे अण्णा म्हणतात. केस पांढरे झालेत, चष्मा तसाच कपाळावर.

त्याने मला ओळखलं. उठला नाही.

"शेपूट कसं हाय?"

मी कामाचं सांगितलं. पुस्तक, बातमी, फाँट.

"म्हंजी आता छापायची."

"हो."

"तवा छापली असती तर यायला लागलं नसतं. एसटीनं आलात न्हवं? लई हादरे बसत्यात." मग बाईंना म्हणाला, "बाई, पाच मिंटं थांबा. जुनं काम हाय."

त्याने ब्लॉग उघडला. फाँट लावला नाही. पडद्याजवळ वाकला आणि कचरा वाचू लागला, सावकाश, मला लिहून घेता यावं एवढ्या वेगाने. माझी वाक्यं होती. त्याच्या आवाजात ती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पान लावताना तो नेहमी मनात वाचायचा. चाकांचे ठसे आले, कापलेला पाइप आला. शेवटी म्हातारी आली.

"'पाव्हण्यासंगं आलं, पाव्हण्यासंगं गेलं. आमी हितंच हाव.'"

मी लिहून घेतलं. बसलेल्या बाई म्हणाल्या, "कुठलं गाव हो अण्णा? आमचंच म्हणायचं का?"

"तुमचंच समजा," तो म्हणाला.

"झालं?" मी विचारलं.

"एक ओळ ऱ्हायली. ती तुमाला पाठ असंल. तुमी छापली होती." त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "ही म्या वाचत न्हाय. फाँट लावा. तुमच्या हातानं."

मी ती ओळ निवडली. फाँटांच्या यादीत तळाशी तो जुना फाँट होता. लावला. डॉलर गेले, कंस गेले. टोकाचं उद्गारचिन्ह उचललं गेलं आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलं. तो रफार होता. ओळीत माझं नाव होतं, आडनावासकट. बातमीच्या वर असतं ते त्याने कवितेच्या खाली घेतलं होतं, कवीचं नाव असावं तसं. आणि मी ते निरर्थकतेचा नमुना म्हणून चौकटीत, इंग्रजी अक्षरांत, जिल्हाभर वाटलं होतं. कविराज.

"पत्रकावर हे नव्हतं," मी म्हणालो.

"न्हवतंच. वाशीच्या दुकानदाराला म्याच फोन केला, शेवटची ओळ घेऊ नको. साहेबाची नोकरी जाईल." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "एकाची गेली तेवढी बास."

तो हे ज्या समाधानाने म्हणाला ते मला सहन झालं नाही. मला तो त्या क्षणीही आवडला नाही. मी आभार मानायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या. सदरात इचारलं होतं तुमी. आता सांगा, आश्चर्य कशाचं वाटलं?"

त्याने वाट पाहिली. बाहेरून ट्रक गेला, काउंटरवरचे कागद हलले. मग त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला आणि खुर्ची बाईंकडे फिरवली.

"हं, बोला बाई. प्रतिज्ञापत्र. नाव सांगा. पूर्ण."